पुठ्ठ्यांचा पत्रव्यवहार

लियाँ, क्र्वा-रूसचा चढ, चौथा मजला.
एकोणतीस वर्षं मी पुठ्ठ्यांना भोकं पाडली.
भोक असलं की धागा वर,
नसलं की खाली.
माझं व्याकरण एवढंच.

आमचे मालक मस्य व्होर्जा मागाचं सामान विकायचे.
दिव्याचं तेलसुद्धा मापाने द्यायचे,
आणि माप कधी काठोकाठ भरलेलं मी पाहिलं नाही.

त्यांच्याकडे क्योतोहून कुराहाशी तोमोजिरो आला,
भर हिवाळ्यात, बोटीवरची सर्दी घेऊन.
“बोंजूर” म्हणताना इतका वाकला
की मादाम व्होर्जा फडकं घेऊन धावल्या,
त्यांना वाटलं, जमिनीवर काही सांडलंय.

दोन वर्षं राहिला.
मागाखाली उताणा झोपून
एकेक आकडा, एकेक सुई बघत बसायचा,
कपाळावर तेलाचे थेंब.
गल्लीत कुजबुज: उद्या हाच आपलं गिऱ्हाईक पळवणार.
मालक म्हणाले, “पळवू दे.
बसून बसून आपल्याही पायाला मुंग्या आल्यात.”

जाताना त्याने तीन माग विकत घेतले.
मालकांनी एका दमडीची सूट दिली नाही;
फक्त खोक्याच्या तळाशी, बिलात न लिहिता,
चारशे सुया जास्तीच्या घातल्या
आणि मला डोळ्यांनीच गप्प केलं.
सात महिन्यांनी क्योतोहून हुंडी आली:
चारशे सुयांचे पैसे. शेवटच्या सेंटीमपर्यंत.
मालक आठवडाभर रागावलेले.
मग एका दुपारी, सूप पिताना,
एकटेच ठसका लागेपर्यंत हसले.

मग गठ्ठे येऊ लागले.
दोऱ्यात ओवलेले पुठ्ठे, सोबत चिठ्ठी नाही.
मागावर चढवायचे, विणायचे, मग वाचायचं:
एक पर्सिमन, पक्ष्याने टोचलेलं.
मालकांनी उत्तर सांगितलं: सोन नदीवरचा पूल, धुक्यातला.
धुकं कसं पाडायचं हो भोकांनी?
मी बरेचसे पुठ्ठे कोरेच सोडले.
तिकडून पुढल्या गठ्ठ्यात
एक माणूस आला, शिंकणारा.

पुढे त्यांचं रेशीम आलं,
हलकं, स्वस्त, बोटी भरभरून.
आमच्या जिन्यावरचे अकरा माग बंद पडले.
खालच्या मजल्यावरचा बार्नाबे
आमच्या उंबऱ्यावर थुंकून गेला,
आणि मला त्याचंही चुकलं असं म्हणवेना,
त्याच्या घरात चार तोंडं होती.

त्या महिन्याचा गठ्ठा मालकांनी
तीन दिवस सोडलाच नाही.
विणला तेव्हा मोकळ्या पांढऱ्या कापडात
खाली, कोपऱ्यात, एक वाकलेला माणूस.
मालक बघत राहिले.
“काही सांडलंय का रे,” ते कापडाला म्हणाले,
आणि मला सांगितलं:
हाच माणूस पाड, तोंड उलट्या बाजूला कर,
पोट जरा मोठं.

मालक गेले त्या वसंतात
कुणी न सांगता मी एक गठ्ठा केला.
काढलं काय, तर तेलाचं माप.
या वेळी काठोकाठ.
रात्रीचं काम, डोळे आता पूर्वीचे नाहीत,
एकतिसाव्या पुठ्ठ्यात एक भोक राहिलं.
कळलं तेव्हा गठ्ठा मार्सेच्या बंदरात होता.

हिवाळ्याच्या तोंडाशी पार्सल आलं.
माझं माप विणलेलं, मापाच्या अंगावर
तो राहिलेला धागा, तसाच, काळा ठिपका.
कुराहाशीने बुजवला नव्हता.
वरून ओघळलेला थेंबच वाटावा.

आणि सोबत नवे पुठ्ठे.
मी स्वतः मागावर बसले. बाणा टाकत गेले.
आधी मनगट आलं, मग टोच्या,
मग एक अंगठा,
पेरात वाकडा, माझाच.
मागाखाली उताणा पडून
हा माणूस सुया मोजत होता असं आम्ही समजत होतो.

पार्सलच्या तळाशी एक पाकीट.
माझ्या पुठ्ठ्यांचे पैसे. शेवटच्या सेंटीमपर्यंत.

आठवडाभर मी रागावलेली होते.