कान लाव

दार लोट आधी, एलोय, वारा आत येतोय.
टोपी इथे ठेव, चुलीच्या या अंगाला.
किती दिवसांचं? अकरा?
मग अजून नाव ठेवलं नसशील. बरं केलंस.

आता रेडिओ बंद कर.
पिल्लू उचल, त्याची पाठ कानाला लाव
आणि स्वतःचा श्वास रोखून धर,
नाहीतर तुझाच ऐकू येतो.

आलं?
ओली काडी पेटता पेटता राहते, तसं काहीतरी.
टिक. मग काही नाही. मग पुन्हा टिक.

चोच उघडी दिसली की लगेच घाबरायचं नसतं.
दुपारी तुझा दिवा खाली लोंबत असतो
तेव्हा सगळीच चोची वासतात,
पंख अंगापासून सुटे धरून कडेला पळतात.
ते नुसतं उकडणं. दिवा वीतभर वर घे, झालं.
पण हे बघ, मान लांब करतंय,
जणू माझ्या भिंतीपलीकडे बरी हवा ठेवलीय कुणी.
दर श्वासाला शेपूट खालीवर.
नाकपुडीशी खपली, डोळ्यात फेस.
हे उकडणं नव्हे, बाळा.

तुमचं खुराडं मी पाहिलंय.
उभ्याने बघून तिथलं काही कळत नाही.
गुडघे टेक, पिलाच्या उंचीला ये,
तिथली हवा नाकात घे.
तुझे डोळे झोंबले तर समज,
ती रात्रंदिवस त्यातच आहेत.
तुझी आई फटीफटीत चिंध्या कोंबते.
चूक म्हणत नाही मी, या पठारावर थंडी मारतेच,
पण कोंडलेली हवा थंडीच्या आधी पोचते.
वरची फट मोकळी कर.
वारा पिलांच्या डोक्यावरून जाऊ दे, अंगावरून नको.
ओला भुसा आज रात्रीच काढ,
पिलं बाहेर ठेवून, ऊब देऊन, मग काढ; धूळ उडते.

याला वेगळं ठेव.
दाणापाणी आधी धडधाकटांना, शेवटी याला,
उलटं कधीच नाही. मग हात धू, बूटसुद्धा.
शनिवारी बाजारात लामांच्या दावणीशी
डॉक्टरीणबाई येतात, दोन्ही पिलं दाखव,
हो, दोन्ही. मेलेलंही ने, फेकलं नसशील तर.
औषध त्या देतील, मापही त्याच सांगतील.
माझ्या डब्यात मागची पूड आहे. देणार नाही.
अनोळखी दुखण्याला ओळखीचं औषध देऊन
मी एकदा चोवीस पिलं पुरली आहेत.
लसूण? घाल हवा तर.
आईला बरं वाटेल तुझ्या.

मला कसं कळतं म्हणतोस.
अनाक्लेतो खाणीतून कायमचा वर आला
तेव्हा बेचाळीस वर्षांचा होता,
छातीत दगडाची भुकटी.
नऊ वर्षं मी त्याच्या पाठीला कान लावून झोपले.
टिक. मग काही नाही.
त्या काही-नाहीत मी आकडे मोजायचे,
कितीपर्यंत, ते सांगणार नाही.
खाणीचा डॉक्टर म्हणाला, हवापालट करा.
मी खिडकीची वरची काच काढून टाकली,
जुलैच्या कडाक्यात.
शेजारी म्हणाले, फोर्तुनाताचं डोकं फिरलंय,
आजारी माणसाचं घर गार करतेय.
तुझे आजोबा तेवढे काही बोलले नाहीत.
दुसऱ्या दिवशी घोंगडी आणून टाकली दारात.

असो. हा डबा घे,
सुरुंगाच्या कांड्यांचा होता, भोकं मी पाडलीत.
खाली कोरडं गवत, पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून,
गरम, चटका नको.
पहाटे बघ. मान आखूड झाली असेल तर बरं.
नसेल तर...
नसेल तर मला हाक मार, एकटा बसू नकोस.

टोपी झटकून घाल, शिटलंय त्यात.
आणि जाताना दार लोटू नकोस.
राहू दे एवढंसं उघडं.