पान बारा

बॅलार्ड इस्टेटच्या त्या इमारतीत
लिफ्ट म्हणजे एक लोखंडी पिंजरा,
पिंजऱ्यात एक स्टूल
आणि स्टुलावर मी, अंकुश धुरी,
सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा.
दिवसाला दीडशे वेळा वर जातो,
तेवढ्याच वेळा खाली.
पोचत कुठेच नाहीस, असं शैला म्हणते.
हसून म्हणते, पण म्हणते.

स्टुलाखाली, डब्याच्या पिशवीत,
तारतंत्री परीक्षेचं पुस्तक.
नऊ वर्षांपूर्वी फोर्टच्या फुटपाथवरून
घासाघीस करून ऐंशी रुपयांना घेतलेलं.
त्या रात्री शिवडीच्या खोलीत
कॅलेंडरच्या पानाचं कव्हर घातलं,
वळणदार अक्षरात नाव लिहिलं
आणि इतकं समाधान वाटलं
की जणू पासच झालो.

पाडव्यापासून लागू म्हटलं.
पाडव्याला गावाहून भाचा आला.
मग मे महिना, डोकं चालत नाही.
मग गणपती.
पितृपक्षात नवीन काही सुरू करू नये.
दसऱ्याला लिफ्टला झेंडूचं तोरण बांधलं,
मोटारीपुढे नारळ फोडला,
पुस्तकालाही हळदकुंकू वाहिलं.
पूजेतलं पुस्तक त्या दिवशी वाचायचं नसतं.
हा नियम मला फार आवडला.
मी तो वर्षभर पाळला.

नऊ दसऱ्यांचं कुंकू आहे त्या कव्हरवर.
खूण पान बारावर. अर्थिंग.

दुसऱ्या मजल्यावर चहा पोचवणारा पोरगा
रात्रशाळेतून बारावी झाला,
मग आणखी काय काय झाला,
आणि एका सोमवारी इस्त्रीच्या शर्टात
पाचव्यावर मुलाखतीला गेला.
मीच नेलं त्याला वर.

फेब्रुवारीत वीज गेली
तेव्हा आम्ही तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये होतो,
मी आणि मिस गझदर,
वय अठ्ठ्याहत्तर, वकील, हातात काठी.
धक्क्याने पिशवी कलंडली.
डबा एकीकडे, पुस्तक त्यांच्या बुटांपाशी.
त्यांना मी स्टूल दिलं.
त्यांनी पुस्तक उचललं, खूण होती तिथे उघडलं.
"अंकुश, ही अर्थिंग म्हणजे काय असते रे?"

नऊ वर्षं जे पान उशाशी, पोटाशी,
डब्याच्या वासात घेऊन फिरलो
त्यातली एक ओळ आठवेना.
"उजेड नाही, बाई," मी म्हणालो.
पण जिन्याच्या खिडकीतून उजेड येत होता,
वाचण्यापुरता.
तेवढं एक कारणही गेलं.

"वाच. मोठ्याने."
वाचलं. अडखळत, बोट ठेवून,
पहिलीतल्या पोरासारखं.
त्या मध्येच थांबवायच्या: "म्हणजे?"
आणि मला म्हणजे काय ते शोधावं लागायचं.
चाळीस मिनिटांत एक पान.
मग दिवा लागला, पिंजरा हलला,
चौथ्यावर काठी टेकत उतरताना
मागे न बघता त्या म्हणाल्या,
"उद्या तेरा."

उद्या हा शब्द मी आयुष्यभर वापरला,
पलंगाखालच्या पेटीसारखा,
जे नको ते आत ढकलायला.
त्याला आकडा लागतो
हे माहीत नव्हतं.

फॉर्म भरला. लेखी निघाली.
प्रात्यक्षिकात हात थरथरला,
परीक्षकाने वर न बघता रेघ मारली.
घरी येऊन सांगितलं. शैला भाकरी थापत होती.
"परत कधी असते?" एवढंच विचारलं तिने,
आणि तव्यावरची उलटली.

या दसऱ्याला पुस्तक पूजेत ठेवलं नाही.
देवाला सांगितलं, माफ कर,
आज मला ते लागणार आहे.
आता परत पहिल्यापासून चाललंय,
दोन फेऱ्यांच्या मध्ये, चार ओळी, सहा ओळी.
कधी सात दिवस काहीच नाही, खोटं कशाला बोलू.
मिस गझदर हल्ली गुरुवारीच येतात.
चौथ्यावर जाळीचं दार सरकवतो,
त्या काठीने हवेत प्रश्न विचारतात.
"एकोणऐंशी," मी म्हणतो.

खाली कुणीतरी बेल दाबून धरलेली असते.