सशर्त

रास्ता पेठ, तिसऱ्या मजल्यावरची खोली.
पंखा दोनवरच ठेवायचा, नाहीतर कागद उडतात.
आज प्रश्न क्रमांक अकरा:
ताप आलेल्या मुलाचं अंग
ओल्या फडक्यानं पुसावं का?

डॉ. टिल्लू चष्मा कपाळावर चढवून वाचतात.
सात अभ्यास. सगळे मिळून मुलं किती,
तर आमच्या सोसायटीच्या गणपतीला जमतात तेवढी.
एक पायरी खाली.
त्यातले दोन अशा गावांतले
जिथे एप्रिलातही खिडक्या लावून घेतात;
इथे हडपसरला पत्र्याखाली बेचाळीस.
आणखी एक पायरी.
आणि कोणत्या मुलाला पुसलं, कोणाला नाही,
हे आईपासून लपवायचं कसं?
गोळीची नक्कल करता येते, खडूची, साखरेची.
ओल्या फडक्याची नक्कल काय करणार?
तिसरी.

मी गणित बघते. समितीत माझं काम तेवढंच.
पडद्यावर विश्वासाची मर्यादा दाखवते:
मे महिन्यातल्या मुठेसारखी,
पात्र केवढं,
आणि पाणी म्हणाल तर मधली एक रेघ.

"अर्धा तास उतरतो, पुन्हा चढतो," डॉ. बत्तीवाला म्हणतात,
"मूल कुडकुडतं ते वेगळंच.
विरोधात लिहा. ठाम."
"ठाम कशाच्या जोरावर?" टिल्लू विचारतात.

तेव्हा सिस्टर सगुणा लोणकर,
बालविभागात एकतीस वर्षं, सकाळपासून गप्प:
"ताप उतरावा म्हणून नाही पुसत ओ आया.
रात्री अडीचला रिकामे हात
ठेवायचे कुठे?"

कुणी काही बोललं नाही.
टिल्लूंनी तक्त्यात रकाना शोधला.
"मूल्ये आणि पसंती. इथे बसेल."
रकाना दोन ओळींचा.

मला खडकीचं क्वार्टर आठवलं,
मिठाच्या पाण्याच्या घड्या,
बाबांच्या जुन्या बनियनचं फडकं.
खोटं कशाला सांगू, बरं वाटलं नव्हतं.
दात वाजत होते, मी मान फिरवत होते.
बत्तीवालांचं बरोबरच आहे.

पण त्या रात्रीला दुसरा गट नव्हता,
ज्यात आई घडी टाकत नाही,
दिवा मालवते
आणि आतल्या खोलीत जाऊन झोपते.
असा गट कुणी केलेला नाही,
करू म्हटलं तरी परवानगी मिळणार नाही.
म्हणून परिणाम केवढा, ते मला सांगता येत नाही.
मी, जिला सगळे तेच विचारतात.

हात वर झाले. नऊपैकी सहा.
शिफारस: विरोधात, सशर्त.
पुराव्याची खात्री: अत्यल्प.

"सशर्त म्हणजे आयांना काय सांगू?" सिस्टरांनी विचारलं.
"आग्रह नाही म्हणावं," टिल्लू म्हणाले,
"आणि पुसताना दिसल्या तर ओरडू नका."

हे मी समासात लिहून ठेवलं, पेन्सिलीनं.
छापताना राहणार नाही.
तेवढ्यात कुणीतरी पंखा तीनवर केला
आणि प्रश्न क्रमांक बारा
उडून टेबलाखाली गेला.