शीट नंबर सतरा

फेअरबँक्स. तळघर. बाहेर उणे चौतीस.
मी जुने नकाशे स्कॅन करते. आज हा आला,
मागे कापड चिकटवलेला, एक कड कुरतडलेली,
कोपऱ्यात पेन्सिलीने : ऑर्विन टेटलो, जुलै १९११.

डोंगर म्हणजे तपकिरी रेषा,
कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या एकीत एक,
दर दोनशे फुटांना.
जिथे तो पोचला नाही तिथे रेषा तुटक,
त्याच्या पलीकडे नुसता कागद.
प्रामाणिक माणूस.

वहीत लिहितो :
तिवई रोवली की खालचा बर्फ पाघळतो,
पाच मिनिटांत क्षितिज कलतं.
घोड्याने मिठाची पिशवी फाडली.
डासांपायी दुर्बिणीला डोळा लागत नाही.

त्यातला एक डास चौतीसशे फुटांवर चिरडलाय,
शेजारी रक्ताचा ठिपका.
सॉफ्टवेअरने त्याला टेकडी समजून उंची विचारली.

कोयुकुकच्या वरच्या एका फाट्यावर
लीअँडर क्रूप भेटला. एकटा.
आठ हिवाळे शेकोटीने जमीन वितळवत,
वीतभर, मग आणखी वीतभर.
त्याने कॅरिबूचं मांस वाढलं,
आणि तंबाखूच्या डब्यात जेमतेम तळ झाकेल एवढं सोनं
पुढे सरकवलं : हा ओढा तेवढा काढू नका.

आमच्याकडे मोजणीदार आला की कोंबडी कापत,
बांध दोन हात तिकडे घ्या म्हणत.
अख्खं पाणीच नाहीसं करा,
असं कुणी म्हटल्याचं ऐकलं नव्हतं.

टेटलोने मांस खाल्लं, डबा परत केला.
वहीत एकच ओळ : पाणी आहे, तर निळी रेषा आहे.

रेषा आहे. केसाएवढी, पण आहे.
नाव मात्र खोडलंय.
क्रूपचं असेल. किंवा त्याच्याही आधी
इथे कॅरिबूमागे फिरणाऱ्यांनी ठेवलेलं,
टेटलोने विचारून घेतलेलं,
आणि मग स्पेलिंग जमलं नसेल.

रबर इतका फिरवलाय
की कागद तिथे कांद्याच्या सालीएवढा उरलाय.
दिव्यावर धरला तर दोन अक्षरं दिसतात.
तिसरं दिसतंय असं वाटलं, तेव्हा
ती माझ्याच बोटाची सावली होती.