कोरडी चकती

टेग्वेनबाईंनी ती ढकलतच आणली,
चॅपलमागचा चढ चढून, एकट्यानं, वय एक्याऐंशी,
आणि म्हणाल्या, "नाचते."
एवढंच.
मग माझ्या स्टुलावर बसून
हातमोजे काढत राहिल्या, एकेक बोट.

एकोणीसशे सदतीसची गाडी.
पुढच्या काट्यात एकच उभी स्प्रिंग,
बाजूला बेकलाइटची काळी मूठ,
चालवता चालवता पिळता येईल अशी.
हँडलवर दोन्ही हात टेकून मी वजन टाकलं.
खाली गेली, वर आली, खाली, वर, पुन्हा खाली,
होयबासारखी मान हलवत राहिली.

पिन काढली. नट. चांदणीच्या आकाराचा वॉशर,
दाबून दाबून ताटलीसारखा सपाट झालेला.
मग पत्रा, चकती, पत्रा, चकती,
उतरतील त्या क्रमानं वर्तमानपत्रावर,
कालच्या रग्बीच्या निकालावर.
चकत्या चकाकत होत्या. तेलानं.

"यात तेल कुणी घातलं?"
"सेल्विननं. दर रविवारी प्रार्थना सुटली
की बुधली घेऊन सांध्यासांध्यातून फिरायचा.
कुरकुर सोसायची नाही त्याला.
गाडीचीसुद्धा."
मी हसले. थोड्या वेळानं त्याही.

कसं सांगायचं.
चेन, बेअरिंग, पिस्टन,
सगळीकडे घर्षण म्हणजे घरात शिरलेला चोर,
आणि इथे, फक्त या चार चकत्यांत,
तोच पगारी नोकर.
स्प्रिंगला काही विसरता येत नाही,
एक खड्डा दाखवला तर दहादा सांगत सुटते.
चकत्यांनी तिचं बोलणं खायचं,
त्याची थोडी ऊब करायची
आणि गप्प बसायचं. कोरड्या तोंडानं.
सेल्विन बिचारा त्यांना दर रविवारी पाजत होता.

जुन्यांत अ‍ॅस्बेस्टॉस. फुंकर न मारता
पाण्यानं भिजवून पिशवीत बांधल्या.
नव्या ब्रेकच्या अस्तरातून कापल्या.
पत्रे पेट्रोलमध्ये बुडवले, काचेवर पॉलिशकागद पसरून
आठाचे आकडे काढत घासले, कितीतरी आठ.
चहा दोनदा निवला.
समोर स्लेटच्या ढिगांवर ऊन आलं, गेलं.

मूठ पुसताना कानशीच्या खुणा लागल्या बोटाला.
तीन.

"आईच्या त्या. या खोऱ्याची सुईण होती.
पहिली, एकटी असताना.
दुसरी, मागे भुलीच्या वायूची पेटी बांधली की."
"आणि ही?"
तिसरी फार पुढे होती, जवळजवळ जाम होईल तिथे.
"माहीत नाही. विचारायच्या वयात
मला या गाडीची लाज वाटायची.
शाळेच्या दारात यायची ना, आईसकट."

सगळं परत चढवलं. वजन टाकलं.
एकदा खाली, एकदा वर, थांबली.
"तिसऱ्यावर ठेव," त्या म्हणाल्या.
मी म्हटलं, तिथे स्प्रिंग असून नसल्यासारखी,
रस्त्यातला खडा न् खडा मनगटात येईल.
"येऊ दे."

गेल्या. गुरं अडवायच्या लोखंडी जाळीपर्यंत.
जाळीवरून जातानाचा खडखडाट इथवर ऐकू आला,
मग बराच वेळ काही नाही,
मग परतीचा खडखडाट.

उतरल्या तेव्हा मनगटं चोळत होत्या.
"अंग असं जागं झालं ना,
केसांच्या मुळांपर्यंत."
आणि तिथेच थबकल्या, हात हातात.
"बाळंतपणं रात्री व्हायची," म्हणाल्या.
"पहाटे परतायची ती. सात मैल उतार."

मी चिंधी शोधायला वळले.
माझ्या पाठीशी त्या जरा वेळानं बोलल्या,
कुणाला उद्देशून कोण जाणे,
"झोप लागू नये म्हणून, हो ना?"

मग मूठ पिळून पहिल्या खुणेवर आणली
आणि बिल किती झालं ते विचारलं.