तीट

हिडकलच्या पाटाकडेला आठव्या टाकीत
माद्यांच्या पोटाखाली अंडी लागली,
तिसऱ्या दिवशी गळून तळाशी
सांडलेल्या भगरीसारखी.

नागोजी हलगेकर काठावर, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून:
"माद्या वांझ लागल्यात गो. काढ सगळ्या,
संकेश्वरच्या बाजारात जाऊंदेत."

मी वहीत लिहिलं, टाकी आठ, माद्या एकवीस, पिल्लं शून्य.
वांझ लिहिलं नाही. त्याला रकाना नव्हता.
मग दिसलं, नरांनाही नव्हता.
पाच वर्षांत कुणी आखलाच नव्हता.

बसलिंग कानडीत कोळंबीला सिगडी म्हणतो,
मला दर खेपेला शेगडी ऐकू येते.
मे महिन्यात पत्र्याखाली पाणी चौतीसवर गेलं
तेव्हा त्यात चुकीचं काही नव्हतं.

निळ्या नांग्यांचा सगळ्यात थोरला नर
आम्ही त्याला नवरदेव म्हणत होतो.
पाहुणे आले की नागोजी त्यालाच वर काढायचा,
वीतभर नांग्या पसरून दाखवायचा.
आज मी त्याला ओल्या फडक्यात धरून उताणा केला.
पाचव्या पायाच्या मुळाशी,
जिथं दुधासारखं पांढरं दिसायला पाहिजे
तिथं काळं.
दृष्ट लागू नये म्हणून गालावर लावतात,
तेवढंच.

काचपट्टीवर एक थेंब घेतला.
कोळंबीचं बीज पोहत नाही,
उघडलेल्या छत्रीसारखं नुसतं थांबून असतं.
इथं काड्या मोडलेल्या,
कापड कुठं नाहीच.

"खरं दिसायला किती जोरदार आहे बघ की,"
नागोजी म्हणाला.
मी भिंग त्याच्याकडं सरकवलं.
तो बराच वेळ वाकून राहिला.
मग चष्मा पुसत पुसत विचारलं,
"हे औषधानं जातंय काय?"
माहीत नाही म्हटलं. उन्हानं, वयानं, की
दाटीत रोजच्या भांडणानं, तेही माहीत नाही.

नवरदेवाला बाजूच्या टाकीत सोडला, एकटा.
जाळीतून निसटणारे काचेसारखे बारके नर,
ज्यांना आजवर कुणी मोजलं नाही,
त्यातले चार आठव्या टाकीत टाकले.

माद्या कुठंच गेल्या नाहीत.
पट्टी घेऊन वहीत एक उभी रेघ ओढली,
जराशी वाकडी आली.
वर लिहिलं, नर.