बरणी नंबर एक्केचाळीस

टिळकवाडीच्या फाटकातून मिरजेची गाडी गेली
की प्रयोगशाळेचं कपाट किणकिणतं
आणि तो थोडासा हलतो,
मेल्याला साठ वर्षं झाली तरी.

वाम नव्हे. सापही नव्हे.
शेपटीकडून वाळूत शिरणारा,
डोकं तेवढं बाहेर ठेवून रात्रीची वाट बघणारा
तळाचा मासा.
हनुवटीखाली दोन मिशा दिसतात ना, त्या मिशा नव्हेत, पर आहेत,
मुलांना मी दरवर्षी सांगते.
पोटाखालून सरकत सरकत गळ्यापाशी आलेले.
पोहणं सोडून ते चाचपतात.

लेबलं भरमाण्णानंच बदलली, दर वेळी.
आधी पाटणकर सरांचं टाकानं लिहिलेलं मराठी,
मग बेंगळूरहून छापून आलेलं कन्नड,
मग लॅटिन, तेही चुकलेलं.
दाढीच्या जुन्या ब्लेडनं खरवडताना
तो एकदाही वर बघायचा नाही.
काचेवर डिंकाचे तीन चौकोन अजून आहेत,
एकावर एक न बसलेले.

यंदा तपासणीच्या तोंडावर चौथंही गळून पडलं.
भरमाण्णाचा शेवटचा महिना.
"समुद्रात काय म्हणतात की वो बाई ह्याला?"
मला ठाऊक नव्हतं.

कंग्राळीचा माणूस,
चोर्ल्याचा घाट कधी उतरला नाही.
रविवारी बरणी कापडी पिशवीत घातली,
सिटी बसमध्ये मांडीवर धरली
आणि खासबागेच्या बाजारात
कारवारच्या तुळशी हरिकंत्रपुढं, बांगड्यांच्या पाटीशेजारी, ठेवली.
तिनं काचेला नाक लावलं.
"ह्याका नांव ना रे बाबा.
जाळ्यात आयलो तर परत उडयतात."
मग सुट्टे मोजता मोजता म्हणाली,
तिचा बापूस सांगायचा,
काळोखात होडीच्या खालून आवाज येतो ह्याचा,
अडकित्त्यानं सुपारी कातरल्यागत.

सोमवारी तपासणीवाल्यांनी पंखे मोजले, स्टुलं मोजली.
रजिस्टर कुणी उघडलं नाही.
एक्केचाळीसपुढं, नावाच्या रकान्यात,
शिसपेन्सिलीनं लिहिलं होतं:
रात्री बोलतो.

ते गेल्यावर मालगाडी आली, लांबलचक.
कपाट किणकिणू लागलं.
मी काहीतरी विचारणार होते,
भरमाण्णानं बोट वर केलं,
थांबा.